येते

पहिल्या दिवशी त्यानं दाराची चौकट खाल्ली.
दुसऱ्या दिवशी माझी डावी चप्पल, सोफ्याचा हात,
आणि विजेचं बिल, ज्याची मुदत त्याच दिवशी संपत होती.
तिसऱ्या दिवशी मोहाडीकर काकू जिन्यातच उभ्या होत्या,
हातात सांबाराची जुडी:
"काय लावलं हे बाप्पा,
अकरा वाजल्यापासून रडून राहिलं ना तुमचं कुत्रं.
माणसासारखं रडते. माह्यानं ऐकवत नाही."

दार उघडलं. दारामागे ढेमसं.
(मानेवाड्याच्या भाजीबाजारात, ढेमशांच्या ढिगाला टेकून सापडलेलं,
तेवढंच गोल, म्हणून ढेमसं.)
थरथरत होतं. नाकावर लाकडाचा भुसा, नखं रक्ताळलेली.
रागवायला उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं.

डॉक्टर टेंभुर्णे म्हणाल्या, गोळी नंतर बघू.
आधी किल्ली उचला आणि कुठेच जाऊ नका.
चपला घाला, कुकर लावा.
पर्स खांद्याला अडकवून टीव्ही बघा.
जाण्याच्या सगळ्या खुणा पोकळ करून टाका.

मेडिकलच्या रक्तपेढीत अकरा दिवसांची रजा टाकली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: घरगुती.
चपला घालून वरणाला फोडणी दिली.
किल्ली वाजवत कूलरपुढे बसले.
चाळीस वेळा ते दचकून उठलं.
एक्केचाळिसाव्या वेळी नुसता कान हलला.

मग दार. दहा सेकंद. तीस.
मग तिसऱ्या पायरीवर बसून एक मिनिट, दोन.
नागपूरचा एप्रिल, कठड्याला हात लागत नाही.
चौथ्या मिनिटाला आतून बारीक कुंई.
परत तीनवर.
काकूंनी ताकाचा पेला आणून दिला,
स्वतःच्याच दाराबाहेर घाम पुसत बसलेल्या बाईला
काय विचारायचं ते त्यांना सुचलं नाही.

त्या पायरीवर मला बाबा आठवले.
कोराडीला पहिली पाळी. मी रडायचे,
म्हणून आई खिडकीशी न्यायची, बघ बघ, चिमणी,
आणि तेवढ्यात मागच्या दाराची कडी.
चिमणी खरीच असायची. तेच तर.
अजूनही कुणी काही सुंदर दाखवलं
की मी आधी मागे वळून बघते.

आणि हा शब्द.
आपल्यात निघताना जाते म्हणत नाहीत.
मी रोज वाकून, लाडानं म्हणायचे, येते हं.
ते ऐकलं की त्याचे कान पडायचे.
त्याच्यापुरता येते म्हणजे जाते.
आणि त्याचं चुकलं कुठं?
अर्थ त्याला दारानं शिकवला होता.

तर आता तेच म्हणायचं, पण लाड नाही, घाई नाही,
पाणी भरायला उठावं तसं.
येते. आणि तीन मिनिटांत यायचं.
येते. पाच मिनिटांत यायचं.
उसवलेला शब्द
एकेक टाका घालून शिवत बसायचं.

रजा संपली तेव्हा आम्ही सव्वीस मिनिटांवर होतो.
उरलेला दिवस काकूंनी घेतला,
त्यांच्या मालिका त्यानं बघितल्या.
मे संपता संपता एकटं, चार तास.

त्या दिवशी जुना मोबाइल टेबलावर चालू ठेवून गेले होते.
रात्री सगळं ऐकलं:
कूलरची घरघर, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली,
नखं दारापर्यंत गेली,
(इथे मी श्वास धरला)
नखं परत आली, लपालपा पाणी,
एक लांब उसासा, म्हाताऱ्या माणसासारखा.
मग पुन्हा कूलर. खूप वेळ नुसता कूलर.
इतकं सुंदर काही मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.
मागे वळून बघायचं राहून गेलं.

रेकॉर्डिंग पुन्हा सुरुवातीला नेलं. माझाच आवाज: येते.
पायाशी झोपलेल्या ढेमशानं एक डोळा उघडला,
दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि मिटला.

हे इथं संपायला हवं होतं.
पण शनिवारी काकू भंडाऱ्याला गेल्या,
दुपारभर लाइट नव्हती, कूलर गप्प,
आणि उजवी चप्पल गेली.

सोमवारपासून पुन्हा तीन मिनिटं.
या वेळी छत्री घेऊन बसले आहे.