अपघाताचे थोडक्यात वर्णन

त्यासाठी फॉर्मवर चार रेघा आहेत.
माझं अक्षर मोठं.
माझ्या हिशेबाने अडीच वाक्यं.

अल्ताफ म्हणाला, कुत्रं लिही.
त्याच्या गॅरेजात गाडी एका कुशीवर कललेली,
हँडल असं वळलेलं
की मागून कुणी हाक मारली आणि ती बघतेय.
'कुत्रं आडवं आलं, वाचवताना तोल गेला.
सगळे हेच लिहितात. पास होतं.'

सर्व्हेअर चिपळूणहून आले. टेटविलकर.
अंगठ्याने चिखल पुसून चेसिस नंबरचा फोटो घेतला,
चहा नको म्हणाले, मग घेतला,
मग बशीकडे बघत आपणहून म्हणाले,
या वर्षी एकट्या दापोली तालुक्यात
माझ्या फायलींत एकेचाळीस कुत्री आडवी आली.
मेलं एकही नाही.
फार चपळ जात दिसते तुमच्याकडची.

अल्ताफ पान्यांच्या डब्यात काहीतरी शोधू लागला.

मग त्यांनी घसारा समजावला.
रबर, प्लास्टिक: निम्मे पैसे तुमचे.
लोखंड: त्याच्या वयाप्रमाणे.
आरशाची काच मात्र पूर्ण मिळेल,
काचेचं वय धरत नाहीत.
मी म्हटलं, गुडघा?
ते म्हणाले, गुडघा या फॉर्मात नाही.
रागाने नाही म्हणाले. त्यांचाही एक पाय
बाकाखाली सरळ ठेवलेला होता.

तर, आसूदचा उतार.
माघातली संध्याकाळ, वरती काजू मोहरलेले,
पावसाचं नाव नाही,
आणि पोफळीच्या सावलीत, वळणावर,
डांबरावर एक ओली रेघ.
पुढे गेलेल्या पिकअपने सोडलेली.
सुरमई, बांगडा, वितळलेला बर्फ,
सगळ्याचं मिळून एक पाणी, तेलासारखं.
पुढचं चाक तिच्यावर आलं
आणि रस्ता माझ्या खालून
कुणी चटई ओढावी तसा निघून गेला.

समोरील वाहनाचा क्रमांक, असा रकाना आहे.
क्रमांक मला पाठ आहे.
हर्णैच्या बर्फ कारखान्यात मी नऊ वर्षं आहे.
त्या दिवशी त्या पिकअपमध्ये चौदा लाद्या भरल्या,
फोडल्या मी, फावड्याने पसरल्या मी,
फळी लावून पाठीवर थाप मारली, जा म्हटलं,
अंघोळ केली,
आणि बायकोला दापोली स्टँडवरून आणायला निघालो.
दहा मिनिटांचं अंतर असेल.

हे चार रेघांत बसत नाही.
बसलं तरी दोष कुणाच्या नावावर टाकणार?

लिहिलं: रस्ता ओला होता. गाडी घसरली.
टेटविलकरांनी वाचलं. पाऊस?
नाही.
मग ओला कशाने?
मी कारखान्याचं नाव छापलेल्या माझ्या शर्टाकडे बघितलं,
त्यांनीही बघितलं.
'पाणी,' ते म्हणाले, 'एवढंच लिहा. खाडाखोड करू नका.
कुत्र्यापेक्षा बरं आहे.'

अकरा हजार आठशेचं बिल.
खात्यात आले सहा हजार दोनशे चाळीस.
आरसा कोरा करकरीत,
त्यात दिसतो तो जुनाच मडगार्ड, रंग न लावलेला.

कामावर रुजू झालो तेव्हा पिकअप उभाच होता.
हौद्याच्या तळाला दोन बोटांचं भोक, टपटप चालू.
नझीरला म्हटलं, बूच बसव रे, नाहीतर डबा बांध.
म्हणाला, बूच बसवलं तर पाणी साठतं, मासळी नासते.
डबा बांधतो की.
भरला की रिकामा कुठे करू?
आसूदला?

तो हसला. मग माझा पाय बघून थांबला.

आज अठरा लाद्या आहेत.
मी उजव्या पायावर भार देऊन पहिली फोडतो.