इतिवृत्त, विषय क्रमांक चार

सभा अकरा दहाला सुरू झाली,
जानोरीच्या शाळेत, पाचवी ब च्या वर्गात.
फळ्यावरचे अपूर्णांक कोणी पुसले नव्हते.
मी लेखनिक. बोललेलं तेवढं लिहायचं.

कचेश्वर निमसे म्हणाले, रात्री दोनचं मालविमान
पत्र्यावरून जातं तेव्हा
फडताळातले पेले एकमेकांना काहीबाही सांगू लागतात.
कंपनीच्या अत्तार मॅडमनी तक्ता उघडला:
आवाज मर्यादेत आहे, सरासरी काढली तर.
"सरासरीत झोपतं कोण?"
मागून कोणीतरी. नाव नोंदवता आलं नाही.

गंगुर्डे अण्णा उठले. ओझरच्या कारखान्यात
एकतीस वर्षं इंजिनांच्या चाचणीला.
कानातलं यंत्र काढून बाकावर ठेवलं,
"माझ्याकडून लिहा, हरकत नाही."
सगळे हसले. ते हसले नाहीत.
"फक्त नात कडेवर असली की
तिची पाठ दचकते. मग मला कळतं, विमान आलं."

कोणीतरी विचारलं, दोनच्या विमानात असतं काय?
मॅडम म्हणाल्या, द्राक्षं.
कोणाची?

नेमकं तेव्हाच चाचणीचं सुखोई आलं.
खिडकीची काच, बाकावरचं यंत्र, माझं पेन,
सगळं एकाच सुरात थरथरलं.
मी लिहिलं: बारा सेकंद कामकाज थांबले.
खरं तर थांबलं नव्हतं. ओठ हलत होते.

त्यानंतर निमशांचा आवाज खाली आला.
ठरलं ते असं: अकरा ते पाच उड्डाण नाही.
हंगामात आठवड्याला दोन चालतील,
वेळ आदल्या संध्याकाळी याच फळ्यावर लिहायची.
मीटर निमशांच्या ओट्यावर राहील,
आणि पहिल्या रात्री मॅडमही तिथेच झोपतील.
हे मॅडमनी स्वतःहून सांगितलं.
निमसे म्हणाले, गोधडी देऊ.

सह्या झाल्या. फाटकापाशी अण्णांनी मला थांबवलं.
"त्या बारा सेकंदांचं काय लिहिलंस?"
काहीच नाही, अण्णा. ऐकूच आलं नाही.
"मला कुठे ऐकू येतं. इंजिनाजवळ आम्ही
तोंडंच वाचायचो एकमेकांची."
मग यंत्र कानात बसवत, सहज म्हणाले,
"कचेश्वर म्हणाला, माझीच. निम्म्या पेट्या माझ्याच.
आणि बाई म्हणाली, ठाऊक आहे."

इतिवृत्त टंकून झालं आहे.
बारा सेकंदांची ओळ
आहे तशीच ठेवली.