खाडा

आर्यूना, तू फोनवर विचारलंस,
रोज कसं जमतं गं तुला, आई?
आणि मी म्हणाले, दूध उतू चाललंय, ठेवते.
दूध नव्हतंच चुलीवर.
उत्तर नव्हतं, एवढंच.

आता लिहिते. उलान-उदेत उणे चौतीस आहे,
खिडकीला आतून बर्फाची जाळी धरलीये,
माझी ट्राम डेपोतून सुटायला अजून सव्वा तास.

पहिलं म्हणजे, जागा बदलू नकोस.
(दुसरं काय होतं ते विसरले.)
माझी जागा रेडिएटर आणि फ्रिजच्या मधे,
तुझं शाळेतलं बुटकं स्टूल.
बाबा म्हणायचे, मूर्तीच्या कपाटापुढे बस की, शोभून दिसेल.
पण तिथे काचेत मीच दिसते मला,
केस विंचरायचे राहिलेली.
फ्रिजला माझ्याबद्दल काही वाटत नाही.

सहा अक्षरं तर तुला येतातच,
न्हाऊ घालताना तुझ्या टाळूवर ओतलीयेत मी.
कुजबुजत म्हण, केटलीच्या आवाजाखाली राहील इतकं.
वरच्या मजल्यावर गेन्नादी पावलोविच पाचाला बूट आपटतो.
आधी राग यायचा. आता तो राग आला की
त्यालाही म्हणते, बस बाबा, जागा आहे.

माळ तुझ्या खापरपणजोबांची.
मठांना कुलपं लागली तेव्हा
पिठाच्या डब्यात तळाशी पुरलेली;
अजून मण्यांच्या भोकांतून पीठ निघतं.
एकशे सात मणी लाकडाचे, आणि एक कोटाचं बटण.
हरवलेला मणी कुठे गेला, कुणी बोललं नाही,
आमच्या घरात बरंच काही कुणी बोललं नाही.

माझं मन तिसऱ्या मण्यालाच पसार होतं:
वळणावरचा सैल रूळ,
शिवी हासडून उतरलेला तो माणूस,
तुझं खोलीभाडं.
ओठ चालू, मी गायब.
मग अंगठ्याखाली बटण येतं,
चार भोकांचं, गार,
आणि मी परत येते.
चोर पकडल्यासारखी नाही गं.
शेवटच्या स्टॉपवर झोपलेल्याला उठवतो ना आम्ही,
तशी: चला, उतरा, आलं.

सुरुवातीला दहा माळांचा नेम केला होता.
चौथ्या दिवशी माळ दिसली की पोटात गोळा.
झार्गाल लामा हसले. म्हणाले, एकच कर.
उद्याची आज उसनी घेऊ नकोस,
कालची थकबाकी आज फेडू नकोस.
मला वाटलं, काहीतरी गूढ सांगतील.

आणि खाडा पडतो. हे कुणी सांगत नाही.
बाबा गेले तेव्हा सगळे म्हणाले, अशा वेळीच तर जप करावा.
सोळा दिवस मी माळेला हात लावला नाही.
सतराव्या पहाटे केटली ठेवली
आणि पाणी उकळेपर्यंत करायचं काय, म्हणून बसले.
इतके दिवस कुठे होतीस, कुणी विचारलं नाही.
डेपोत हजेरीपट असतो, इथे नाही.
त्या दिवशी अर्धीच माळ झाली;
केटली लवकर उकळली.

तू म्हणतेस, तुला पहाटच नसते,
रात्रपाळी संपवून खोलीवर पोचतेस सातला.
मग सातला बस.
बूट काढायच्या फळीवर, कोट अंगात असतानाच;
आत गेलीस की पलंग तुला गिळेल.
तिकडचे सात म्हणजे इकडचे पाच,
तेव्हा मी फ्रिजशेजारी असतेच.

माळ पाठवत नाही, टपालात हरवेल.
बोटांची पेरं मोज.
बटण नाही तुझ्याकडे, पण
उजव्या तर्जनीवर ती इस्त्रीची खूण आहे,
सात वर्षांची होतीस, किती रडलीस,
अंगठा तिथे आला की
थांब जराशी.

केटली वाजतेय. या वेळी खरंच.