आपण

आईची उज्जैनला शिक्षिकेची परीक्षा होती
आणि मला ठेवायला घरी कुणी नव्हतं,
एवढंच कारण.
बाबांनी सायकलच्या दांड्याला टॉवेल गुंडाळला,
मला बसवलं, आणि परदेशीपुऱ्यामागच्या
मिलच्या मैदानावर नेलं.
मी सहा वर्षांची. एक चप्पल वाटेत कुठेतरी पडलेली.

अकरा जण निळ्यात होते.
निळ्यात म्हणजे अकरा निळ्यांत:
जर्सी मिलच्याच रंगखात्यात बुडवलेल्या,
जी आधी हौदात गेली ती गडद,
शेवटची, डावीकडच्या पांगारकरची,
जवळजवळ पांढरी.
घाम आला की सगळ्यांच्या माना निळ्या.
गोलात शफीभाई, रात्रपाळी उरकून आलेले,
चेंडू लांब असला की खांबाला टेकून
डोळे मिटून घ्यायचे.

समोर रतलामचे रेल्वेवाले. झाडून सगळ्यांना बूट.

तिसऱ्या गोलनंतर लोक चहाला उठले.
बाबा उठले नाहीत.
चौथ्यानंतर एकदाच रामसुमेरचा पाय बरोबर लागला
आणि चेंडू खांबावर आदळला,
टण्ण.
तो आवाज माझ्या दाढेत आहे अजून.

परतताना चढावर बाबा उतरले,
सायकल ढकलत चालले मला वर ठेवून.
काय झालं बाबा, मी विचारलं.
म्हणाले, आपण हरलो.

आम्ही नाही म्हणाले.
आम्ही म्हणाले असते
तर मी दांड्यावरची एक मुलगी राहिले असते,
एका पायात चप्पल, भूक लागलेली.
सबंध दुपारभर मी चेंडूला हातसुद्धा लावला नव्हता
आणि चार गोल माझ्यावर झाले होते.
घरी येऊन मी जेवले नाही.
आईनं उतरलेल्या पेपरांचं विचारायचं सोडून
माझं कपाळ पाहिलं.

पुढे आडनाव बदललं.
देव बदलले दोन-तीनदा,
मत कुणाला दिलं ते तर विचारूच नका.
नवरा निघाला क्रिकेटवाला. निभावलं.

मिलचा भोंगा थांबला त्या वर्षी
बाबा मिलला 'ते' म्हणू लागले.
त्यांनी कुलूप लावलं. त्यांनी बुडवलं.
त्यांच्यावरचा दावा इतकी वर्षं चालला
की वकिलाचा मुलगा वकील झाला.
संघ मात्र शेवटपर्यंत आपण.
आपल्याला कोपरा मिळायला हवा होता.
आपला बचाव कच्चा.
धुऊन धुऊन जर्सी तोवर एकसारख्या झालेल्या,
सगळ्याच पांगारकरच्या.

मग अकरा जमेनात. नऊ. सात.
मग कुणीच नाही.
तिथे आता फ्लॅट आहेत. त्यांच्या पार्किंगमध्ये
डावा खांब कुठे होता ते मी दाखवू शकते,
एकदा वॉचमनला दाखवलंही.
"अच्छा आंटीजी," म्हणाला.
जो संघ हरायलासुद्धा शिल्लक नाही
त्याचं काय करायचं असतं, ते
बाबांनी सांगितलं नव्हतं.

काल रात्री पावणेदोनला
शाल्मलीच्या खोलीत उजेड.
कुठल्याशा विलायती गावाचा संघ,
त्या गावाचं नाव तिला नीट उच्चारता येत नाही.
हॉस्टेलात वरच्या पलंगावरच्या मणिपुरी मुलीकडे
मोठा मोबाइल होता, हिच्याकडे नव्हता,
एवढंच कारण.

दारात उभी राहिले. झोप गं, म्हणणार होते.
तिनं स्क्रीन पालथा टाकला आणि म्हणाली,
हम हार गए।

आमच्याकडची पोरं दुःख हिंदीत करतात.
आणि हिंदीच्या 'हम'ला दार नसतं,
आत कोण, बाहेर कोण, काही पत्ता लागत नाही.

हम म्हणजे, मी अंधारात विचारलं,
आम्ही, की आपण?

तिनं जरा वेळ घेतला.
मग पांघरुणाचं एक टोक उचललं.
पाय फार गार पडले होते तिचे.