एक नग

जरीपटक्याच्या लालवानी शेठनं फोन उचलला,
नाव ऐकलं, गाव ऐकलं (तळोधी, नागभीडच्या जवळ),
मग विचारलं, किती नग?
मी म्हटलं, एक.
तिकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आला.

शहाण्णव कोरचा आहे तो.
तळहातात मावेल एवढा,
खालच्या अंगाला सोन्याचे ठिपके, सहा हजारांच्या वर.
मोजले नाहीत, वाचले आहेत.
दर डॉलरमध्ये छापलेला, आणि त्याच्या पायाशी मुंगीएवढ्या अक्षरात:
हजार नग घेतल्यास, प्रत्येकी.

हजार नग घेणारे फोन करत नसतील.
त्यांना फोन जात असेल.

रिवाइंडिंगच्या वहीचं मागचं पान काढलं.
डॉलरचा रुपया केला, वर अठरा टक्के,
वर शेठचं "मिळाला तर सांगतो" धरलं काहीतरी,
नऊ लाख.
तीन एचपीची मोटर भरायचे मी अठराशे घेतो.
म्हणजे पाचशे मोटरी.
म्हणजे गावातली प्रत्येक मोटर दोनदा तरी जळायला पाहिजे.
पान फाडून टाकलं. असला हिशोब घरात ठेवू नये.

पुष्पकला म्हणाली, "पन त्याचं करसान का तुमी?"

करीन काय.
चालवीन.
सगळे कोर एकाच वेळी कामाला जुंपीन,
मूळ संख्या शोधा म्हणीन, सापडतील तेवढ्या,
आणि बाजूला खुर्ची टाकून बसीन.
साडेतीनशे वॅट खातो एकटा.
मंडईच्या रात्री नाटकाच्या लाइटी माझ्याकडे असतात,
खलनायकावर लाल, मायवर निळा,
आणि शेवटच्या प्रवेशाला सगळी बटणं एकदम वर केली
की पडद्यामागचं जनरेटर जे खोल घशातून हुंकारतं
ते ऐकायला मी वीस वर्षं नाटकाला जातो.
नाटक एकही पाहिलं नाही.
हे तिला कसं सांगू.
"कामाचं आहे," म्हटलं.
"हो जी," म्हणाली, आणि भात उपसायला गेली.

सहा महिने शेठचा पत्ता नाही.
दर मात्र हलत होता. वर.
कुठल्यातरी मोठ्या कंपनीनं अख्खा माल उचलला म्हणे,
कारखान्यातून निघायच्या आधीच.
मी रोज पाहत होतो,
पोरं क्रिकेटचा स्कोर पाहतात तसा,
आपण खेळत नसलो तरी.

मग एका दुपारी फोन.
"नवा विसरा. उतरलेला आहे एक.
बत्तीस कोर. हैदराबादहून भंगारात आला. चौदा हजार."
कितवी पिढी, विचारलं.
त्यानं सांगितलं. मी बसलो.
काकाचा सदरा पुतण्याला येतो तसा येणार होता,
पण येणार होता.

ब्रह्मपुरीच्या एसटीनं आला, कंडक्टरच्या हाती,
औषधाच्या खोक्यात.
"गोळ्या आहेत का जी?" त्यानं विचारलं.
"बीपीच्या," म्हटलं.

काउंटरवर उघडला. निकेशनं ट्यूबलाइट लावली.
पाठीवर वाळलेली पेस्ट, राखेसारखी,
आणि त्या राखेत एक अंगठा.
पूर्ण. रेषान् रेष.
कुठल्यातरी गार खोलीत, रात्रपाळीला,
हजार नग उतरवणाऱ्या कुणाचा तरी.
त्याच्या हाताखालून गेलेल्यातला कितवा होता हा,
त्याला तरी कुठं माहीत असणार.

निकेश स्पिरिटचा बोळा घेऊन वाकला.
थांब रे, म्हटलं.
कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.
"आधी बोर्ड तर येऊ दे."

बोर्ड. तो चाळीस हजार, आणि बाजारात नाही.
शेठला फोन लावला.
त्यानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.
म्हणाला,
"एकच ना?"