जॉबवर्क

म्हापशात, बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचा छापखाना.
लग्नपत्रिका, तियात्राची हँडबिलं, जत्रेची पावतीपुस्तकं,
अधूनमधून एखाद्या गेलेल्या माणसाची
चार ओळींची आठवण, फोटोसकट.

तिसरा माणूस घ्यायचा होता. त्याचे कागद कसे करायचे
ते विचारायला धुम्यांना बोलावलं, आमचे हिशेब तेच बघतात.
त्यांनी चहा नको म्हटलं, वही उघडली
आणि भलत्याच नावावर बोट ठेवलं.
"हा इनास फुर्तादो कोण?"

बाहेरचा, म्हटलं. जॉबवर्क.
कटिंग आणि बांधणी. महिन्याला एक व्हाउचर, खाली सही.
पगार नाही, तेव्हा पगाराची कटकटही नाही.
"आणि ही शर्वाणी?"
ती आमचीच. डिझाइन करते.

धुम्यांनी पेनाचं टोपण काढलं, लिहिलं काहीच नाही.
"कटर कोणाचा?"
छापखान्याचा.
"डिंक, दोरा, सुई?"
आमचंच सगळं.
"येतो किती वाजता?"
नऊला. सव्वानऊ झाले की मी फोन करते.
"त्याच्या जागी भावाला पाठवला एखाद दिवशी, तर चालेल?"
भाऊ कशाला? मला इनासच हवा.
धुमे माझ्याकडे बघत राहिले,
दुकानदार सुट्टे मोजून देणाऱ्याकडे बघतो तसे.

मग शर्वाणी.
राहते पर्वरीला, लॅपटॉप तिचा, फाइल येते रात्री दोनला.
समोरच्या प्रेसचीही कामं घेते, लपवत नाही.
गेल्या चतुर्थीला ऐन गर्दीत "नाही जमणार" एवढाच मेसेज,
आणि पुढच्या बिलात दर वाढलेला.
बिलाला नंबर असतो, वर निळी पट्टी.
मी तिला आमची म्हणते,
कारण ती मला मावशी म्हणते.

धुमे गेल्यावर शटर अर्धं ओढून बसले.
मशीन बंद असलं की छापखाना
शाई नाही, रॉकेलचा वास सोडतो.

मे महिन्यात इनास दारात उभा होता, हात पुसत,
वाड्यावरच्या फेस्ताला दोन दिवस मागायला.
मी म्हटलं, एकच घे, मुंजीच्या पत्रिका अडल्यात.
त्यानं एकच घेतला.
शर्वाणीनं कधी दिवस मागितला नाही,
तिचे दिवस माझ्याकडे नव्हतेच.

आणि तो अंगठा.
कटरखाली डाव्या हाताचं नख गेलं, थोडं मांसही.
आझिलोत मीच नेलं, औषधांचे अर्धे पैसे दिले,
वहीत लिहिलं: किरकोळ खर्च.
अर्धे का, ते तेव्हा कोणी विचारलं नाही.
इनासनंही नाही. त्यानं देव बरें करूं म्हटलं,
आणि सोमवारी नऊला आला.

दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं,
की आता व्हाउचर बंद. हजेरीबुक, पगार, रजा,
जे कापायचं ते कापू, जे भरायचं ते मी भरीन.
तो वह्यांच्या कण्याला डिंक लावत होता.
ब्रश थांबला.
"म्हणजे बाय, मला काढणार?"
नाही रे. घेतेय.
"मग अकरा वर्षांमागं," तो म्हणाला, "घेतलं नव्हतं?"
रागानं नाही. पत्ता विचारावा तसं.

फॉर्मवर एक चौकोन होता: रुजू झाल्याची तारीख.
धुमे फोनवर म्हणाले, पुढच्या एक तारखेपासून घाला,
मागचं उकरलंत तर मागचं भरावंही लागेल,
आकडा लहान नसेल. विचार करा.

विचार करत माळ्यावर चढले,
नमुन्यांचे गठ्ठे खाली काढले, वाळवी लागलेले.
त्यात त्यानं कापलेलं पहिलं हँडबिल सापडलं.
एक कड तिरपी गेलेली, नवखा हात,
मी तेव्हा ओरडले होते ते आठवलं.
तळाला, बारीक टायपात, तारीख होती.
आम्हीच छापलेली.

तिसऱ्या माणसाचं राहूनच गेलं.