कीर्द

जमा बाजूला यंदाची पहिली नोंद:
संयुक्त शाळा अनुदान, दहा हजार.
पंचवीस हजार मिळाले असते,
पट तिसाच्या वर असता तर.

वर्गात एकतीस आहेत. मी रोज मोजते.
एकतिसावी फुलेश्वरी,
शीतगृहाशेजारच्या सातऱ्यावर
मिरचीचे मुक्के तोडणाऱ्या बाईची मुलगी.
बालाघाटकडची. पाढे हिंदीत म्हणते,
भांडते मात्र आमच्या बोलीत.
आधारवर तिचं नाव एक, जन्मदाखल्यावर दुसरं,
पोर्टलला दोन्ही नामंजूर.
तीस सप्टेंबरला रात्री पावणेबारापर्यंत
पाण्याच्या टाकीखाली उभी होते मी
(रेंज तिथेच येते),
तिला भरत होते,
ते तिला काढत होतं.

मी प्रभारी आहे.
म्हणजे मुख्याध्यापकाची खुर्ची, शिक्षिकेचा पगार,
आणि शिपायाची किल्ली.

आज समितीची सभा. सदस्य तेरा.
इतिवृत्तात अकरा हजर,
सतरंजीवर पाच.
त्यातले यादोराव भोयर चहा होईस्तोवर.
वच्छला ठवकर अध्यक्ष. सातऱ्यावरून थेट येतात,
पदराला तीनदा हात पुसतात,
तरी सहीच्या जागी कागद लालसर होतो
आणि मला शिंका येतात.
लेखापरीक्षकालाही येतील कधीतरी.

"एका पोरीपायी पंधरा हजार गेले, म्याडम?"
"गेले."
त्या बोटांवर काहीतरी मोजतात.
"आमाले किलोले पंधरा भेटते.
म्हंजे हजार किलो मिरची झाली ना ते."
मग कुणीच काही बोलत नाही.
यादोरावांचा चहा येतो.

पैसा दिल्लीहून निघतो म्हणे,
मुंबईत मुक्काम करतो,
सिव्हिल लाइन्सच्या झाडाखाली जरा पडतो,
कुहीला पंचायत समितीत कुणाची तरी वाट पाहतो,
आणि नहराच्या टेलला पाणी पोचावं
तसा आमच्याकडे पोचतो, मार्चच्या पंचवीस तारखेला.
एकतीसला खर्च झाला नाही
तर उलटा चढतो. चढाला त्याला अजिबात वेळ लागत नाही.

यादोरावांना दर्शनी भिंतीला रंग हवा:
"रोडवरून दिसली पाह्यजे शाळा,
कॉन्व्हेंटची गाडी थांबते तिथंच."
खरं आहे त्यांचं. त्यांचा नातू त्याच गाडीत बसतो.
वच्छलाबाईंना मुलींच्या संडासाला कडी हवी.
"कडीले बी तीन दरपत्रकं लागते?"
लागतात. मी आणते. तिन्ही मांढळच्या एकाच दुकानातली,
मालकाकडे लेटरहेड तीन आहेत,
आणि सगळ्यात स्वस्त नेहमी तोच असतो.

ठराव क्रमांक चार: थकलेलं वीजबिल, आधी तेच.
ठराव क्रमांक पाच: कडी. सर्वानुमते.
सूचक सौ. ठवकर,
अनुमोदक, लिहून टाका म्हणाले, भोयर.
रंगाचा विषय पुढच्या सभेत.
पुढची सभा पुढच्या आर्थिक वर्षात.

मागच्या महिन्यात केंद्रप्रमुख आले होते.
"पट?" त्यांनी विचारलं.
"तीस," मी म्हणाले, वहीत बघून.
खिडकीजवळून फुलेश्वरी म्हणाली, "इकतीस."
तिनं मान वळवून सगळ्यांना पुन्हा मोजलं,
स्वतःला शेवटी, छातीवर बोट ठेवून.
साहेब चांगले आहेत. हसले. म्हणाले, "हुशार आहे."
भेटपुस्तिकेत लिहिलं: तीस.

खिचडीचा तांदूळ तिसांचा येतो. तीन किलो.
शकुनबाई भांड्यावर झाकण ठेवतात,
माझ्याकडे न बघता म्हणतात,
"पाणी जरा जास्त टाकलं. काई विचारू नका."

मी विचारत नाही. कीर्दीत खिचडीला रकाना नाही.
संध्याकाळी बेरीज जुळते,
दहा हजार जमा, दहा हजार खर्च,
अखेर शिल्लक निरंक.
सहीपाशी वच्छलाबाईंच्या अंगठ्याचा लाल डाग.
तो खोडायचा कसा, कोणत्या शाईनं,
परिपत्रकात कुठे सापडत नाही.
उद्या कडी बसवायला माणूस येणार आहे.
त्याची मजुरी धरायची राहूनच गेली.